जर्मनीत कर्ज काढून शिकायला आलोय. शनिवार-रविवार भटकलो तर चुकतंय का?

एल्बकाठचा | ९ मार्च, रविवार

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय.

मी कराडचा. ऑक्टोबरमध्ये ड्रेस्डेनला एम.एस्सी.साठी आलो. सरकारी विद्यापीठ असल्यामुळे शिकवणी फी नाही, पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ११,९०४ युरो भरावे लागले. ते सगळे कर्जाचे, आणि कर्ज राहत्या घरावर. अण्णा एसटीच्या आगारात मेकॅनिक होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्या खात्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. खोलीभाडं, विमा, किराणा गेला की थोडे उरतात, ते मी बाजूला ठेवतो.

रोजचं आयुष्य म्हणाल तर सकाळी लेक्चर, दुपारी मेन्सा (विद्यापीठाची खाणावळ), रात्री दहापर्यंत लायब्ररी, खोलीवर येऊन कुकर. शनिवारी तळघरातल्या मशीनवर कपडे. रविवारी दुकानं बंद, रस्ते बंद, आणि मीही बंद.

सेमेस्टरच्या फीमध्येच देशभर चालणारं लोकल गाड्यांचं तिकीट येतं. वेगेतली पोरं (म्हणजे फ्लॅटमधली) दर शनिवारी कुठेतरी जातात, मला विचारतात, मी नाही म्हणतो. मागच्या रविवारी मात्र एकटाच माइसेनला गेलो. एस-बानने पाऊण तासाच्या आत पोचलो. तिथल्या बाजारचौकात एक चर्च आहे, त्याच्या मनोऱ्यात चिनी मातीच्या ३७ घंटा आहेत, १९२९ पासूनच्या. पितळेसारखा घणघणाट नाही त्यांचा. कपबश्या अलगद एकमेकांना लागाव्यात तसा पातळ, स्वच्छ आवाज. ऐकत बाकावर बसलो होतो तेवढ्यात अण्णांचा फोन. "काय करतोयस?" माझ्या तोंडून निघून गेलं, "लायब्ररीत आहे." मागे घंटा वाजतच होत्या. अण्णा क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "बरं, चालू दे."

आठवडाभर ते "चालू दे" डोक्यातून जात नाहीये. कर्जावर शिकणाऱ्याने भटकावं का? भटकलं तर किती? तुम्ही काय केलंत?

वाचनमात्र

धाग्यावर बसतोय. माझा भाचा याच ऑक्टोबरला निघतोय.

पिपेट

माझं अगदी उलटं आहे. मी ग्योटिंगेनला पीएचडी करते आणि माझा रविवार पेशींच्या हातात असतो. कल्चरमधल्या पेशींना रविवार कळत नाही. त्यांचं मीडियम, म्हणजे त्या वाढतात तो द्रव, गुलाबी असतं. ते पिवळं दिसलं की समजायचं, आम्ल वाढलंय, आपल्याला उशीर झालाय. पहिल्या वर्षी या पिवळ्याच्या धास्तीने मी गावाबाहेर पडलेच नाही. पगार ६५ टक्क्यांच्या नोकरीचा, काम शंभर टक्के, आणि वर्षाच्या ३० सुट्ट्यांपैकी घेतल्या फक्त नऊ. शेवटी गाइडनेच बोलावून विचारलं, बाकीच्या सुट्ट्या कुणासाठी ठेवल्यास?

मग लॅबमधल्या एका मुलीशी ठरवलं: एक रविवार तिने दोघींच्या पेशी बघायच्या, एक मी. माझ्या मोकळ्या रविवारी पहिल्यांदा हार्ट्‌झमध्ये गेले. ब्रोकेन हा तिथला सगळ्यात उंच डोंगर, ११४१ मीटर. टोर्फहाउसहून आठेक किलोमीटर चालत चढले. जर्मनीच्या फाळणीच्या काळात ही टेकडी पूर्वेच्या लष्कराच्या ताब्यात होती. ३ डिसेंबर १९८९ ला लोक चालत वर गेले आणि दार उघडायला लावलं. माथ्यावर वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी येते. धुक्यात आधी तिची शिट्टी ऐकू येते, मग धूर, मग इंजिन. त्या रात्री मी दहा तास झोपले. पुढच्या सोमवारचं काम कसं झालं असेल सांगायला नको.

रोखठोक

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नये.

माझ्यासोबत आलेल्या एका मित्राने पहिल्या सेमेस्टरला प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, ॲमस्टरडॅम सगळं केलं. दोन विषय राहिले. बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच प्रयत्न असतात. तिसऱ्यातही राहिला तर नाव कटतं, आणि तोच अभ्यासक्रम दुसऱ्या गावी जाऊनही घेता येत नाही. तो दुसऱ्या प्रयत्नात सुटला, पण शिक्षण वर्षभर लांबलं. व्हिसा वाढवताना पुन्हा खात्यात पैसे दाखवायची वेळ आली. त्याच्या वडिलांनी पुण्यातला प्लॉट विकला. हे मी जवळून पाहिलंय.

तेव्हा आधी पहिल्या वर्षाचे विषय काढ. मग हिवीची, म्हणजे विद्यापीठातलीच, नोकरी बघ. विद्यार्थ्याला आता वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, विद्यापीठातल्या हिवीला तर ती मर्यादाही लागत नाही. स्वतःच्या कमाईचे चार पैसे खिशात आले की हा प्रश्नच पडणार नाही.

मुक्ताई_लाइपझिग

रोखठोक, तुमच्या मित्राचं वाईट वाटलं. पण चार देश पालथे घालणं वेगळं आणि फुकटच्या तिकिटावर तासाभराच्या अंतरावर जाऊन संध्याकाळी घरी येणं वेगळं. धागाकर्ता दुसऱ्याबद्दल विचारतोय.

माझा पहिला हिवाळा सांगते. डिसेंबरात इथे आठनंतर उजाडतं आणि चारला अंधार. मी अभ्यास एके अभ्यास करत होते. एका सोमवारी दुकानात काउंटरवरच्या बाईंना "डांके" (आभारी आहे) म्हणायला गेले तर आवाजच फुटला नाही. घसा खाकरावा लागला. घरी येताना हिशोब केला, तर शुक्रवार दुपारपासून मी कुणाशीही, कुठल्याही भाषेत, एक शब्द बोलले नव्हते. आईला फक्त मेसेज टाकले होते, "ठीक आहे, अभ्यास चालू."

परीक्षेत पास झाले त्या सेमेस्टरला, गुण चांगले पडले. पण ती मी पुन्हा व्हायचं नाहीये मला. त्यानंतर नियम केला की आठवड्यातून एकदा उजेडात चार तास बाहेर, सोबत एक तरी बोलणारं माणूस. दूरच जायला हवं असं नाही.

आखनवासी

तुमचं वाचून तीस वर्षं मागे गेलो. मी १९९४ ला आखनला आलो. घरी फोन महिन्यातून दोनदा, तोही कार्ड घालून, घड्याळाकडे बघत. आई पलीकडून "जेवलास का" विचारेपर्यंत युनिट संपत.

आखनला नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या सीमा लागतात. तिन्ही देश जिथे मिळतात तिथे जंगलात एक दगड आहे, शेजारी नेदरलँड्सच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत उंच ठिकाण, उंची अवघी ३२२ मीटर. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा दगडाला वळसा घालायलाही कायद्याने वेगळा व्हिसा लागला असता! मार्च १९९५ ला शेंगेन (सीमा खुल्या करणारा करार) लागू झालं आणि आम्ही चौघे मुद्दाम तिथे जाऊन तीन देशांतून गोल गोल फिरलो, लहान पोरं झाडाभोवती फिरतात तसे.

त्याच वर्षी रेल्वेने शनिवार-रविवारचं तिकीट काढलं. १५ मार्कांत (तेव्हाचं जर्मन चलन) पाच जण, दोन्ही दिवस, देशभरातल्या साध्या गाड्या. पुढे किंमत वाढत गेली, २०१९ ला ते बंद झालं. पण त्या पहिल्या उन्हाळ्यात आम्ही पाच डोकी जमवायला हॉस्टेलच्या प्रत्येक दारावर टकटक करायचो. माझी बायको मला त्या पाचव्या जागेवर भेटली. एका शनिवारी एक जण आजारी पडला आणि वरच्या मजल्यावरची एक मुलगी म्हणाली, मी येते.

तेव्हा आमच्या घरीही पैसे नव्हते. माझ्याकडे हिशोबाची वही होती, त्यात "प्रवास ३ मार्क" असं लिहिलेलं असायचं. ती वही अजून आहे. वडिलांना सुट्टीत दाखवली होती. त्यांनी सगळी पानं वाचली आणि एवढंच विचारलं, "जेवणावर इतकं कमी का?"

नेकारकाठ

आखनवासी, पाचव्या जागेचा किस्सा सुंदर!

थोडं अवांतर. कर्ज काढून जर्मनीला शिकायला येणारा मराठी माणूस नवा नाही. इरावतीबाई कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला डॉक्टरेट करायला आल्या तेव्हा सासऱ्यांचा, म्हणजे खुद्द महर्षी कर्व्यांचा, त्याला विरोध होता. पैसे जीवराज मेहतांकडून कर्जाऊ घेतले होते. आणि त्यांनी पुढे आयुष्यभर काय केलं? पायाला भिंगरी लावून फिरल्या. त्यांचं शास्त्रच फिरण्यातून झालं.

आमच्या हायडेलबर्गला उलट दिशेचं उदाहरण आहे. गुंथर सोंथायमर इथे प्राध्यापक होते, १९९२ ला गेले. खंडोबा, बिरोबा, म्हसकोबा यांच्यावरचं त्यांचं काम धनगरांच्या वाड्यांवर, जत्रांत, माळरानावर हिंडून झालेलं. जर्मन माणूस घर सोडून आपल्याकडे फिरला म्हणून शिकला, आपण इथे येऊन चार भिंती बघायच्या?

रोखठोक यांच्या एका मुद्द्याशी सहमत. आमच्या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला २०१७ पासून दर सेमेस्टरला १५०० युरो फी आहे, त्यामुळे इथे एखादा विषय लांबला तर सरळ खिशाला भोक पडतं. पण त्यावर उपाय वेळापत्रक. शनिवारी भटक, रविवारी बस, किंवा उलट.

दुर्गवेडा_कोथरूड

एल्बकाठचा, तू ड्रेस्डेनला राहतोस आणि पाच महिन्यांत सॅक्सन स्वित्झर्लंडला गेला नाहीस? अरे, कराडला राहून सदाशिवगड न चढल्यासारखं झालं हे!

मी कामानिमित्त तीन महिने तिथे होतो, दर रविवारी गेलो. नाव स्वित्झर्लंड असलं तरी ते सगळं जर्मनीतच आहे, वालुकाश्माचे सुळके आणि सपाट माथ्याचे डोंगर. एस-१ धर, राथेनला उतर. स्टेशन नदीच्या एका तीरावर, गाव दुसऱ्या. मधे फेरी आहे आणि तिला इंजिन लागत नाही. वरच्या अंगाला नदीत लांब तारेचा दोर अडकवलाय, त्याच्या टोकाला ही बोट. बोट प्रवाहाशी तिरकी केली की पाणीच तिला पलीकडे ढकलतं. मी पहिल्या दिवशी तीन वेळा उगाच इकडून तिकडे केलं. (फेरीचे पैसे वेगळे द्यावे लागले होते, तिकिटात येत नाहीत.)

पलीकडून पायऱ्यांनी बास्टाईवर चढ. सुळक्यांमधला दगडी पूल १८५१ चा, खाली नदी १९४ मीटरवर. गर्दी नको असेल तर उतरताना श्वेडनलोखरच्या घळीतून ये, शेकडो पायऱ्या आहेत, उन्हाळ्यातही गारवा असतो.

आणि कोणिगस्टाईन सोडू नकोस. सपाट माथ्यावरचा किल्ला. आपल्याकडे गडावर पाणी हवं तर कातळात टाकी खोदून पाऊस साठवला. यांनी खाणकामगार आणले आणि १५६३ ते १५६९ अशी सहा वर्षं खाली खाली खणत गेले. विहिरीची खोली १५२.५ मीटर! काठावर उभं राहिलं की सह्याद्रीतला माणूस गप्प होतो.

दोन सूचना. पाऊस पडून गेला असेल तर सुळक्यांवर चढाई नाही. ओला वालुकाश्म ठिसूळ होतो, तिथे ते नियमानेच बंद आहे. आणि नकाशा आधी उतरवून घे, घळीत रेंज नसते.

वाचनमात्र

रविवारी दुकानं बंद, मग डब्यात काय न्यायचं?

पिपेट

तिखटमिठाच्या पुऱ्या! थंडीतही मऊ राहतात, सांडत नाहीत, डब्यात वास कोंडत नाही. पीठ १०५० नंबरचं घ्या, साध्या दुकानात मिळतं. ४०५ चं पांढरं पीठ मैद्यासारखं, त्याच्या पुऱ्या चामट होतात. मोहन जरा जास्त.

मुक्ताई_लाइपझिग

पिपेट, १०५० ला पाणी जास्त लागतं, पीठ अर्धा तास झाकून ठेवायचं. मी ओवा पण घालते.

आखनवासी

आमच्या वेळी हे नंबर कुणी सांगितले असते तर किती पोळ्या वाचल्या असत्या.

स्टुटगार्टची_आई

मी नाशिकहून लिहिते आहे. लेक स्टुटगार्टला आहे, दुसरं वर्ष. धागाकर्त्या बाळा, आई म्हणून दोन गोष्टी सांगू का?

आमची लेक पहिले तीन महिने रोज फोटो पाठवायची. बर्फाचा, ट्रामचा, अगदी मेन्सातल्या ताटाचाही. मग एकदा तिच्या बाबांनी सहज म्हटलं, "मजा आहे बुवा तुझी." त्यांच्या मनात काही नव्हतं, खरंच आनंदाने म्हणाले होते. त्या दिवसापासून फोटो थांबले. फोन केला की "अभ्यास चालू आहे". आम्ही दोघं रात्री एकमेकांना विचारायचो, ही आजारी तर नाही? पैसे कमी पडतायत का? घर ओढून खातंय का? चार महिने असेच गेले. शेवटी ती सुट्टीत आली तेव्हा रडत म्हणाली, तुम्ही हप्ते भरताय आणि मी डोंगरावर हसतानाचे फोटो कशी पाठवू?

अरे, तो हसतानाचा फोटो बघूनच आम्ही हप्ता भरतो. हिचे बाबा बँकेतून येताना मोबाईलमधला तिचा एक जुना फोटो शेजाऱ्यांना दाखवत असत, कारण नवा आलाच नव्हता.

तुझ्या अण्णांना घंटा ऐकू आल्या असणार. लायब्ररीत घंटा नसतात हे मेकॅनिक माणसाला कळत नाही असं वाटतं का तुला? ते गप्प राहिले, ते रागाने नव्हे. त्यांना फोन कर आणि खरं सांग.

वाचनमात्र

काकू, डोळ्यांत पाणी आणलंत.

रोखठोक

काकूंचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी वर लिहिलं त्यातलं परीक्षांचं सगळं कायम आहे. एक भर घालतो. माझा तो मित्र जेव्हा बुडाला तेव्हा घरी सांगत होता, सगळं छान चाललंय. वडिलांना कळलं थेट दुसरं वर्ष लांबल्यावर. फिरला म्हणून बुडाला की लपवलं म्हणून, याचा मी आजवर विचार केला नव्हता. आधी कळलं असतं तर प्लॉट वाचला असता.

एल्बकाठचा | ६ एप्रिल, रविवार

सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो, उशीर झाला, परीक्षा होत्या. चार पेपर दिले, बरे गेलेत. रोखठोक दादा, हिवीसाठी तीन प्राध्यापकांना मेल टाकलेत, एकाने बोलावलंय.

आज राथेनला गेलो. वेगेतले दोघे सोबत होते. डब्यात पुऱ्या, १०५० च्या, ओवा घालून. पहिल्या घाण्याच्या फुगल्या नाहीत, दुसऱ्याच्या फुगल्या.

फेरीसाठी काठावर उभा राहिलो आणि अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. मागच्या रविवारी घड्याळं पुढे गेल्यापासून फरक साडेतीन तासांचा झालाय, तिकडे जेवून आडवे झाले होते. उचलल्या उचलल्या सांगून टाकलं, "अण्णा, मी फिरायला आलोय. आणि त्या दिवशीही लायब्ररीत नव्हतो."

अण्णा म्हणाले, "घंटा ऐकू आल्या व्हत्या की. म्हटलं पोरगं देवळात गेलंय, देवाचं नाव घेतंय, कशाला मधी बोला."

मला पुढे काही सुचेना. तेवढ्यात बोट आली. अण्णा उठून बसले, चष्मा लावला. "आरं, इंजिनाचा आवाज कसा न्हाई?" मी म्हटलं, इंजिनच नाही. "मग ढकलतंय कोण?" दुर्गवेडा यांनी लिहिलं होतं तसं सांगायला लागलो, तर मधेच थांबवलं. "थांब, सांगू नको. दोर दाखव." बोटीचा दोर दाखवला. "त्याचं दुसरं टोक दाखव." ते नदीत पार वरच्या अंगाला. वेगेतली पोरं पलीकडे गेली आणि मी मोबाईल धरून काठाकाठाने उलट चालत गेलो, अण्णा तिकडून "आणि फुडं, आणि फुडं" करत. दोन फेऱ्या बघून झाल्यावर म्हणाले, "येताना तोंड ह्या अंगाला तिरकं, जाताना त्या अंगाला. पाण्याचं तेच, कोन बदलतोय." मग आतल्या खोलीकडे वळून आईला हाक मारली, "अगं, हे बघ, फुकटात चाललंय!"

पाऊण तास बोललो. ऑक्टोबरपासून एवढं कधी बोललो नव्हतो. बास्टाईवर पोचलो तोवर दुपार झाली होती, फोटो खाली देतोय. अण्णांना पण पाठवलाय.

ठेवताना मी त्यांना कोणिगस्टाईनच्या विहिरीचं सांगितलं. "दीडशे मीटर? आणि पाणी वडत कसं व्हते?" मला माहीत नव्हतं. "मग फुडल्या ऐतवारी बघून ये की. नीट बघ, चाकं, रहाट, सगळं. मला सांग."

तेव्हा पुढच्या रविवारी कोणिगस्टाईन. लाइपझिग-ड्रेस्डेनकडचं कुणी येणार असेल तर कळवा.

मुक्ताई_लाइपझिग

मी येते. आरई-५० ने सकाळी ड्रेस्डेनला पोचेन, तिथून एस-१. पुऱ्या माझ्याकडे लागल्या, तू चटणी आण.

दुर्गवेडा_कोथरूड

विहिरीचा व्हिडिओ इथेही टाका रे. अण्णांना पाठवाल तोच.